होबी १६: वाळूवरच्या उभारणीपासून रेगाटाच्या (शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या) पहिल्या सुरुवातीपर्यंत

रडर, म्हणजे सुकाणूचं पातं, लाटेत वर उचकटतं, कारण त्याचा स्क्रू किनाऱ्यावर तपासलेला नसतो. टॅक मारताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, बोट वाऱ्यात तोंड घालून अडकते, कारण जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, पुरेसं ताणलेलं नसतं. मास्ट, म्हणजे डोलकाठी, अंगावर येतो, कारण एक चिमुकली रिंग 'नंतर लावू' म्हणून राहून गेलेली असते. होबी १६ या दोन तरंगत्या सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीवरच्या बहुतेक फजितींचं मूळ पाण्यात उतरण्याआधीच्या तासाभरात असतं. प्रत्येक काम येतं सगळ्यांना, चुकतो तो क्रम. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

बोट साधारण ५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि सुमारे १४५ किलो वजनाची आहे. तिला खाली सोडायचं सेंटरबोर्ड, म्हणजे आडवं घसरणं रोखणारं पातं, नाही. दोन्ही हल, म्हणजे बोटीचे लांबट तरंगते सांगाडे, बाहेरून सपाट आणि आतून फुगीर असतात, आणि या असमान आकारामुळेच वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे जाताना, बोट आडवी घसरत नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं पुष्कळ काही आपोआप उलगडतं.

१. दिवस आणि जागा

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे दुपारी खारा वारा वायव्येकडून येतो आणि सरळ किनाऱ्यावर आपटतो. सकाळी असतो मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. नवख्यांना सकाळ सोपी वाटते, कारण किनाऱ्याजवळ पाणी तळ्यासारखं असतं. पण काही बिघडलं तर हाच वारा बोट बाहेर ढकलत नेतो. सोबत सेफ्टी बोट नसेल तर मतलई वाऱ्यावर पहिली सफर करू नका. जूनपासून पावसाळाभर बोटी वरच बांधलेल्या बऱ्या.

भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्याही वर जातो. निघताना जिथे वाळू होती तिथे परतताना खडक किंवा चिखल उघडा पडलेला असू शकतो. मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते खुणेचे डबे कुठे आहेत तेही विचारून घ्या. रडर जाळ्यात अडकलं तर नुकसान दोघांचंही होतं.

सावधान: मास्ट ॲल्युमिनियमचा, सुमारे ८ मीटरचा, आणि त्याला पोलादी तारा. बोट उभारायची जागा आणि तिथून पाण्यापर्यंतची सगळी वाट मान वर करून पाहा. विजेची तार दिसली तर जागा बदला. 'लांब आहे, लागणार नाही' हा हिशेब इथे करायचाच नाही.

२. मास्टच्या आधीची तपासणी

मास्ट उभा राहिला की वरचं काही हाताला लागत नाही. म्हणून ही तपासणी मास्ट आडवा असतानाच:

- दोन्ही हलच्या मागच्या टोकाचे ड्रेन प्लग. वॉशर जागेवर हवा. हातानेच घट्ट करा, पक्कड लावली की आटे जातात.
- हलच्या पृष्ठभागावर, विशेषतः पुढच्या खांबांच्या आसपास, अंगठ्याने दाबत जा. कुठे मऊ लागलं किंवा टकटक करताना बोदा आवाज आला, तर आतले थर सुटलेत. अशी बोट जोरदार वाऱ्यात नेऊ नका.
- श्राऊड, म्हणजे मास्टला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा. त्यांच्या दोन्ही टोकांवरून कापड फिरवा. कापड अडलं तर तारेचा एखादा धागा तुटलाय आणि ती तार बदलायची आहे. उघडा हात फिरवू नका.
- ट्रॅम्पोलिनची, म्हणजे दोन हलमध्ये ताणलेल्या कापडाची, लेसिंग (ताणून बांधणारी दोरी). मधोमध उभं राहिल्यावर पाय खोल जात असेल तर पुन्हा ताणा.
- रायटिंग लाइन, म्हणजे उलटलेली बोट सरळ करण्याची दोरी. बोटाएवढी जाड, गाठी मारलेली आणि मास्टच्या पायथ्याशी पक्की बांधलेली हवी. ती आहे असं समजून निघू नका, हात लावून पाहा.

३. मास्ट उभा करणं

बोटीचं नाक वाऱ्याकडे करा. मास्ट ट्रॅम्पोलिनवर मागच्या बाजूला असा ठेवा की शिडाची खाच खाली, ट्रॅम्पोलिनकडे राहील. उभा झाल्यावर ती खाच मागे येते. ही दिशा चुकली तर सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं.

मग पुढील क्रमाने:

१) दोन्ही श्राऊड आधी हलवरच्या चेनप्लेटला (भोकं असलेल्या धातूच्या पट्टीला) जोडा, दोन्हीकडे वरून मोजून एकाच क्रमांकाच्या भोकात. तार हलखाली किंवा रडरच्या बिजागरीत अडकलेली नाही ना, बघा.

२) ट्रॅपीझच्या तारा (ज्यांना लोंबून बोटीबाहेर झुकतात त्या) आणि हॅलियार्ड (शीड वर चढवण्याची दोरी) मास्टला सैलसर बांधा. सुटी तार उभारताना नेमकी कशात तरी गुंतते.

३) मास्टचा पाय पुढच्या आडव्या दांड्यावरच्या खोबणीत बसवा आणि बिजागरीची पिन घाला. खोबणीतली टेफ्लॉनची चकती जागेवर आहे का, याच वेळी पाहा.

४) एकाने ट्रॅम्पोलिनवर उभं राहून मास्ट खांद्यावर घ्यायचा आणि हाताखाली हात सरकवत पुढे चालत यायचं. दुसऱ्याने बोटीसमोर उभं राहून फोरस्टे, म्हणजे मास्टला पुढून धरणारी तार, ओढायचा. पहिल्याचे पाय ट्रॅम्पोलिनच्या मधोमध हवेत. कडेला गेलात की मास्ट बाजूला कलायला लागतो.

५) मास्ट उभा झाला की पहिल्याने छाती लावून तो पुढे दाबून धरायचा. दुसऱ्याने फोरस्टे खालच्या ब्रायडलला (दोन्ही हलच्या नाकांना जोडलेल्या तारेला) जोडायचा, क्लेविस पिन (जोडणीची खीळ) घालायची, पिनमध्ये स्प्लिट रिंग (पिन निसटू न देणारी कडी) अडकवायची आणि मोठ्याने सांगायचं, "रिंग लागली." हे ऐकू येईपर्यंत मास्ट सोडायचा नाही.

६) बिजागरीची पिन काढून घ्या. ही सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. पाण्यात मास्टला आपल्या अक्षाभोवती फिरायचं असतं. पिन राहिली तर तो फिरत नाही आणि खालची जोडणी वाकते.

तपासा: प्रत्येक स्प्लिट रिंगवर इन्सुलेशन टेपचा दीड वेढा. रिंग चिमुकली असते. ट्रॅपीझवरून आत येणाऱ्याच्या बुटाची लेस तिच्यात अडकली की ती हळूच उघडते, आणि पिन निसटेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

४. जिब आधी, मेन नंतर

होबी १६ वर मास्टला ताण देण्याचं काम फोरस्टे करत नाही, जिब करतं. जिबच्या पुढच्या कडेत पोलादी तार असते. जिब फोरस्टेभोवती चढवा, खालचं टोक ब्रायडलला जोडा आणि हॅलियार्ड ओढून ताण वाढवत राहा, श्राऊड कडक होऊन फोरस्टे सैल लोंबेपर्यंत. सैल फोरस्टे पाहून घाबरलेले नवखे हॅलियार्ड पुन्हा ढिलं करतात. सैलच असायला हवा तो. मास्ट बसवताना आणि जिब उतरल्यावर त्याला आधार द्यायचा, एवढंच त्याचं काम. ताण कमी राहिला तर वाऱ्यावर चढताना जिबची पुढची कड धनुष्यासारखी वाकते आणि बोटीला उंची घेता येत नाही.

मेनसेलच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या, सगळ्या बॅटन (शिडाचा आकार राखणाऱ्या पट्ट्या) आधी घालून घ्या. शिडाच्या खिशावरच्या आडव्या सुरकुत्या जाईपर्यंतच ताणा. त्याहून जास्त ताणलं तर हलक्या वाऱ्यात बॅटन टॅकनंतर दुसऱ्या बाजूला पलटतच नाहीत. शीड चढवताना एकाने कड खाचेत सरळ भरायची, दुसऱ्याने ओढायचं. मध्येच अडलं तर जोर लावू नका, हातभर खाली घ्या आणि पुन्हा भरा. वर पोचल्यावर हॅलियार्ड मास्टपासून पुढे ओढून सोडलं की वरचा लॉक बसतो.

तपासा: शिडाची पुढची कड धरून खाली जोरात ओढा. खाली आलं तर लॉक बसलेला नाही.

आता बूम (मेनच्या खालच्या कडेचा आडवा दांडा), मग आउटहॉल (ती कड मागे ताणणारी दोरी), मग डाउनहॉल (शीड खाली ताणणारी दोरी). मेनशीटची, म्हणजे मेन आत ओढण्याच्या दोरीची, पुली सर्वांत शेवटी, तीसुद्धा पाण्याकडे निघण्याच्या आधी. मेनशीट अडकवून, ट्रॅव्हलर (मागच्या दांड्यावर मेनशीट आडवी सरकवणारा गाडा) कसून बोट वाळूवर आडव्या वाऱ्यात ठेवली तर ती उभ्या-उभ्या उलटते आणि शेजारच्या बोटीवर जाऊन पडते.

५. रडर

दोन्ही रडर लांब पिनांवर बसवून वर उचललेले ठेवा. मग एकेक खाली सोडा. 'खट्' असा स्पष्ट आवाज यायला हवा. आता पात्याचं खालचं टोक धरून मागे ओढा. सहज सुटलं तर कास्टिंगमधल्या (रडर धरणाऱ्या ओतीव भागातल्या) स्प्रिंगचा स्क्रू घट्ट करा. पूर्ण ताकद लावूनही सुटत नसेल तर थोडा सैल करा, नाहीतर वाळूला टेकल्यावर कास्टिंगच तडकेल.

दोन्ही पाती समांतर आहेत का तेही पाहा. पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्याएवढं किंवा ३ मिलिमीटरपर्यंत कमी चालेल. जास्त फरक असेल तर टिलरच्या (रडर वळवण्याच्या दांड्याच्या) आडव्या दांडीची लांबी बदला.

'टिलर इतका जड होतो की धरवत नाही,' अशी तक्रार करणाऱ्याच्या बोटीवर दहातल्या आठ वेळा एक रडर पूर्ण खाली बसलेलं नसतं. हातभर मागे तिरकं राहिलेलं पातं टिलरला जो हिसका देतं तो खांदा दुखवतो. वाऱ्याला दोष देण्याआधी मागे वळून दोन्ही पाती बघा.

६. पाण्यात उतरणं

ट्रॉलीवर बोट अशी ठेवा की पुढचं टोक एका हाताने उचलता येईल. गुडघाभर पाण्यात गेल्यावर ट्रॉली काढा. एकाने ब्रायडल धरून नाक वाऱ्याकडे ठेवायचं, दुसऱ्याने ट्रॉली भरतीच्या रेषेच्या वर नेऊन ठेवायची. ओल्या वाळूवर सोडलेली ट्रॉली तासाभराने तरंगायला लागते.

दुपारचा खारा वारा अंगावर घेऊन निघणं हे आपल्या किनाऱ्यावरचं सगळ्यात अवघड काम आहे. घाई केली की लाट बोट आडवी करते. क्रम असा ठेवा:

१) कंबरभर पाण्यापर्यंत चालत जा, नाक कायम लाटेकडे.

२) कोणत्या टॅकवर किनाऱ्यापासून जास्त वेगाने दूर जाता येईल ते आधी ठरवा. वारा क्वचितच अगदी काटकोनात असतो.

३) हेल्म्समन (टिलर धरणारा) चढतो आणि वाऱ्याआडचं, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं, रडर जमेल तेवढं खाली करतो. दोन मोठ्या लाटांमधली शांत जागा पाहून क्रू (दुसरा माणूस) नाक थोडं बाजूला ढकलून चढतो.

४) जिब आधी ओढा. मेन निम्मीच. रडर पूर्ण खाली नसताना मेन कसली तर बोट वाऱ्याकडे वळते आणि तुम्ही तिला आवरू शकत नाही.

५) वेग आला, पाणी खोल झालं की आधी एक, मग दुसरं रडर लॉक करा. 'खट्' ऐका. मगच मेन ओढा.

सावधान: लाटा असताना बोट आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका, निघतानाही आणि परततानाही. १४५ किलो लाटेबरोबर येतात तेव्हा पाय काढून घ्यायला वेळ मिळत नाही.

७. चालवताना: टॅक, जाईब आणि नाक बुडणं

या बोटीला वेगात ठेवा. वाऱ्याकडे फार चिकटून चालवलं की हलचा आडवं घसरणं रोखणारा परिणाम कमी होतो आणि बोट आडवी घसरू लागते. नाक दोन-तीन अंश खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, घ्या, वेग वाढू द्या. वाऱ्याकडचा हल पाण्यावरून सुटण्याचा क्षण कानाला आधी कळतो. हलाखालची सळसळ थांबते, फक्त वाऱ्याआडच्या हलाचा एकसुरी आवाज राहतो आणि टिलर हातात हलका होतो. त्या क्षणासाठीच माणूस ही सगळी उभारणी पुन्हा पुन्हा करतो. हल पाण्यापासून वीतभरच वर ठेवा, त्याहून उंच उचलला तर वेग जातो.

टॅक: पूर्ण वेगात सुरू करा. टिलर हळू आणि सलग ढकला. हिसका दिला तर रडर ब्रेकसारखं काम करतं. जिब लगेच सोडू नका, नाक वारा ओलांडेपर्यंत ते जुन्या बाजूलाच धरून ठेवा. वारा त्यात भरून नाक पलीकडे ढकलतो. नाक ओलांडलं की जिब बदला आणि मेन हातभर सैल करा. मेन कसलेली राहिली तर ती बोट पुन्हा वाऱ्यात फिरवते.

तरी अडकलातच तर बोट मागे सरकू लागते. ज्या दिशेला नाक न्यायचं त्याच दिशेला टिलर ढकला आणि जिब विरुद्ध बाजूला ओढून धरा. मागे जाताना रडर उलटं काम करतं, हे विसरल्यामुळे माणसं पाच-पाच मिनिटं तिथेच गोल फिरत राहतात.

जाईब, म्हणजे वारा मागून घेत बाजू बदलणं, टॅकपेक्षा सोपी आहे. वेग कमी होण्याची वाट पाहू नका. बोट जितकी वेगात, तितका शिडावरचा वारा कमी जाणवतो. मेनशीटच्या दोऱ्यांचा झुपका मुठीत धरून बूम मधून पलीकडे न्या.

नाक बुडणं हा या बोटीचा स्वभाव आहे. पुढची टोकं बारीक आणि कमी फुगीर आहेत. वाऱ्याआडच्या हलच्या पुढच्या भागावरून पाणी वाहताना दिसलं की क्रूने जिब सोडायचं आणि दोघांनी मागे सरकायचं. मेन त्यानंतर. ट्रॅपीझवरचा माणूस पुढे फेकला जाऊ नये म्हणून जोरदार वाऱ्यात त्याने हेल्म्समनला खेटून मागेच राहायचं.

८. उलटलेली बोट सरळ करणं

उलटणं अपघात नाही, या खेळाचा भाग आहे. म्हणून हे शांत दिवशी मुद्दाम उलटवून शिका.

१) दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारायची. बोट सोडायची नाही. उभ्या ट्रॅम्पोलिनवर वारा भरतो आणि ती पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाते.

२) मेनशीट, जिबशीट, ट्रॅव्हलर, तिन्ही क्लीटमधून (दोरी पकडून ठेवणाऱ्या चापांमधून) सोडा. ही पायरी गाळली तर बोट सरळ होते आणि तुम्हाला न घेता निघून जाते, किंवा लगेच दुसऱ्या बाजूला उलटते.

३) खालच्या हलवर उभं राहून पुढच्या टोकाकडे चाला. ते टोक थोडं बुडतं, पाण्यात अडतं आणि बोट त्याच्याभोवती फिरून नाक वाऱ्याकडे करते. इथे घाई नको, अर्धा-एक मिनिट लागतोच.

४) रायटिंग लाइन वरच्या हलवरून घेऊन दोघांनी एकत्र मागे झुका. गुडघे सरळ, पाठ जवळजवळ पाण्याला टेकलेली. हातांनी ओढायचं नाही, वजनाने लोंबायचं.

५) मास्टचं टोक आधी वीतभरच उचललं जातं आणि तिथेच थांबल्यासारखं वाटतं. शिडावरचं पाणी ओघळत असतं. इथे बरेच जण सोडून देतात. तसंच लोंबत राहा. वारा शिडाखाली शिरला की बाकीचं काम तोच करतो.

६) वरचा हल खाली येताना डोकं सांभाळा आणि मास्टखालच्या आडव्या दांड्याला पकडा. तुमच्या वजनामुळे बोट पुन्हा उलटत नाही आणि पळूनही जात नाही.

साठ-पासष्ट किलोच्या एकट्या माणसाला हे जवळजवळ अशक्य आहे. एकट्याने जाऊ नका. मास्ट थेट खाली गेला असेल तर दोघांनी एकाच हलच्या मागच्या भागावर उभं राहून दोरी पलीकडच्या हलवरून घेऊन लोंबायचं. मास्ट आधी आडवा होईल, मग वरच्या पायऱ्या. उथळ पाण्यात टोक चिखलात रुतलं असेल तर जोर लावू नका, मास्ट वाकतो. सेफ्टी बोटीला हाक द्या.

९. रेगाटाची पहिली सुरुवात

पंधरा-वीस होबी एकाच रेषेकडे निघाल्या की शिडांचा फडफडाट आणि आरोळ्या यांत नवख्याचं घड्याळावरचं लक्ष उडतं. पण सुरुवातीचा क्रम ठरलेला असतो:

- ५ मिनिटं: बोटीच्या वर्गाचा झेंडा वर.
- ४ मिनिटं: तयारीचा झेंडा वर, बहुधा निळ्यावर पांढरा चौकोन असलेला 'पी'.
- १ मिनिट: तयारीचा झेंडा खाली, एक लांब आवाज.
- शून्य: वर्गाचा झेंडा खाली.

घड्याळ झेंड्यावर लावा, आवाजावर नाही. आवाज चुकला तरी झेंडाच धरला जातो.

आदल्या दिवशी स्पर्धेची सूचना आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स वाचा. दोघांचं मिळून वजन १२९.३ किलोपेक्षा कमी असेल तर फरकाइतकं वजन बोटीवर न्यावं लागतं. हे सकाळी वजनकाट्यावर कळलं तर धावपळ होते.

रेषेच्या मध्यावर नाक थेट वाऱ्यात घाला. नाक ज्या टोकाकडे झुकलेलं दिसेल ते टोक फायद्याचं. नवख्यांनी तरीही मध्याजवळूनच सुटावं, टोकांना गर्दी असते.

शेवटच्या मिनिटात स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून घेत, रेषेच्या तीन-चार बोटींएवढं खाली शिडं फडफडत ठेवून थांबा. खालच्या बाजूला मोकळी जागा राखा. या बोटीला वेग घ्यायला नाक खाली न्यावं लागतं, आणि तिथे दुसरी बोट असेल तर तुम्ही जागीच अडकता. शेवटची १०-१५ सेकंद उरली की जिब, मग मेन.

लक्षात ठेवायचे नियम थोडेच: पोर्ट टॅकवाला (वारा डावीकडून घेणारा) स्टारबोर्डवाल्याला वाट देतो. एकाच टॅकवर वाऱ्याकडची बोट खालच्या बोटीला वाट देते. खुणेच्या बोयाजवळ ३ हल-लांबींच्या आत बोटी ओव्हरलॅप (एकमेकींच्या बाजूला आलेल्या) असतील तर आतल्या बोटीला जागा. दुसऱ्याला अडवलंत तर दोन पूर्ण वळसे, बोयाला लागलात तर एक. तक्रार करायची असेल तर 'प्रोटेस्ट' हा शब्द तिथेच, मोठ्याने उच्चारा. ६ मीटरपेक्षा लहान बोटीला लाल झेंडा लागत नाही. पांढऱ्यावर निळा क्रॉस असलेला 'एक्स' झेंडा एका आवाजासह दिसला तर कुणीतरी लवकर सुटलंय. शंका असेल तर परत फिरा, त्यात मिनिटभर जाईल, पण शर्यत वाचेल.

१०. परत वाळूवर

गुडघाभर पाणी येण्याआधी रडर उघडा आणि वर घ्या. किनाऱ्यावर आल्यावर उलटा क्रम: मेनशीट आधी सोडा, मग मेन, मग जिब. जिब उतरण्याआधी फोरस्टेची पिन आणि रिंग पुन्हा पाहा, कारण त्यानंतर मास्ट फक्त तिच्यावर उभा असतो.

ट्रॉलीवर घेतल्यावर ड्रेन प्लग उघडा आणि बोटीचं नाक उचला. दोन्ही हलमधून किती पाणी येतं ते वेगवेगळं बघा. कपभर चालेल. एका हलमधून बादलीभर आलं तर गळती त्याच बाजूला आहे, आणि पुढच्या वेळी प्लगचं वॉशर आणि वरच्या जोडाची कड तिथे आधी तपासायची. शेवटी गोडं पाणी: पुली, रडर कास्टिंग, श्राऊडची टोकं, शिडांच्या झिप. प्लग उघडेच राहू द्या, म्हणजे आत दमटपणा राहत नाही. पण ते टिलरला दोरीने बांधा, नाहीतर पुढच्या वेळी शोधण्यात अर्धा तास जाईल.